कलम १९ आणि दुसऱ्याचे आवार

सध्या फिरत असलेल्या एका संदेशाचे म्हणणे असे : राज्यघटनेच्या कलम १९ने भाषणस्वातंत्र्य दिले असल्यामुळे ग्रुपवरून मेसेज उडवणे, खासगी सभागृहाने सभेला जागा नाकारणे किंवा फेसबुकने पोस्ट काढणे हा घटनाभंग ठरतो, शिवाय ग्रुपवरील प्रत्येक मजकुराला अ‍ॅडमिन फौजदारी जबाबदार असतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा संदेश आला तो पाण्याच्या टँकरच्या हिशेबाबद्दलचा एका सभासदाचा प्रश्न अ‍ॅडमिनने डिलीट केल्यानंतर. प्रश्न उडवणे मला पटलेले नाही. पण त्याला घटनाभंग म्हणता येणार नाही.

कलम १९चा रोख मुख्यतः राज्यसंस्थेवर आहे आणि राज्यसंस्था म्हणजे कोण, हे कलम १२ सांगते : सरकार, विधिमंडळे, स्थानिक व इतर प्राधिकरणे. सोसायटीचा अ‍ॅडमिन किंवा सभागृहाचा मालक त्यात बसत नाही. जागा सरकारी असली, तरी ती आपोआप सर्वांचे व्यासपीठ होत नाही. रेल्वेच्या आवारात सभा घेणाऱ्या कामगार कार्यकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले की हे स्वातंत्र्य हवे त्या जागी वापरण्याचा हक्क नागरिकाला नाही. दुसऱ्याचा मालमत्तेचा हक्क आड आला की ते तिथे थांबते.

याची दुसरी बाजू आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात दिसते. महामंडळाच्या विमा योजनांवर टीका करणाऱ्या ग्राहक कार्यकर्त्याला महामंडळाने आपल्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकात उत्तर छापले, मात्र त्याचे प्रत्युत्तर ‘हे आमचे अंतर्गत नियतकालिक’ म्हणून नाकारले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते छापायला लावले, कारण महामंडळ हे राज्यसंस्थेचेच अंग होते. खासगी मासिकाच्या संपादकाला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

संदेश पुढे ढकलणारे काही जण २०२३च्या घटनापीठाच्या निकालाकडे बोट दाखवतात आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही, हे मान्य केले पाहिजे : कलम १९ व २१मधील हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात, असे बहुमताने त्यात म्हटले आहे. परंतु ते प्रकरण एका मंत्र्याच्या वक्तव्यातून उद्भवले होते आणि काढलेला मेसेज परत ठेवायला अ‍ॅडमिनला भाग पाडणारा नियम त्यातून काढणे म्हणजे निकाल फारच ताणणे होय. फेसबुकने पोस्ट काढली, तर २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि नंतर अपील समितीकडे जाता येते.

अ‍ॅडमिनच्या फौजदारी जबाबदारीचा दावा तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच खोडून काढला आहे : समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनवर गुन्हा लादता येत नाही.

कलम १९ कुठे लागते ते पालघरमध्ये दिसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते नुसते लाइक केले आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. या अटकेनंतर आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर हा गुन्हा ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ या कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.