सख्खी आत्या

गेल्या मंगळवारी अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मला नाकारण्यात आला, आणि हातात दिलेल्या छापील कागदावर 214(बी) हे कलम होते. 1952 च्या कायद्यातील हे कलम प्रत्येक अर्जदार तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे असे धरून चालते. तसे नाही हे पटवून देणे अर्जदाराकडे. मी बालवाडीत असताना न्यू जर्सीच्या आत्याने बाबांसाठी पिटिशन, म्हणजे भावाला कायमचे तिकडे बोलावून घेण्याचा अर्ज, दाखल केले असल्यामुळे, ते मला अंमळ जड गेले.

रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना ही माहिती मी दिली नव्हती. त्यांनी माझ्या पारदर्शक फाइलमधून ती वाचून घेतली.

"आत्या सख्खी का?"

"सख्खी."

"चुलत सांगा. चुलत बहिणीला पिटिशन करताच येत नाही."

"पण ते झालेले आहे, आणि अर्जात तसा थेट प्रश्न असतो."

"मग जमिनीवरून भांडण आहे, बोलणे बंद आहे, असे सांगा."

"आमची जमीनच नाही."

"ते काय सातबारा मागणार आहेत?"

खोटे बोलल्यास कायमची बंदी येऊ शकते, असे मी म्हणताच त्यांनी मागच्या बाईंना, मुलगा हुशार आहे पण व्यवहारज्ञान नाही, असे माझ्यादेखत सांगितले. "मामा तिकडे असता तर त्याची मुलगी करून प्रश्न मिटला असता," ते हळहळले, "आत्येचा तेवढा उपयोग नाही." मुलगा तिकडे कायमचा राहत असूनही या गृहस्थांना पर्यटक व्हिसा मिळाला, हे मला अजून पचलेले नाही.

माझी फाइल तर उघडलीच गेली नाही. भावंडांच्या वर्गाला जगभरासाठी मिळून वर्षाला 65,000 व्हिसा असतात, आणि 2025 सालीही भारतीयांच्या रांगेत 2006 चे अर्ज चालू होते. आमचा नंबर लागेल तेव्हा, कायद्याने दिलेली वयाची सूट धरूनही, आईबाबांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठीची 21 वर्षांची मर्यादा मी केव्हाच ओलांडलेली असेन. म्हणजे ज्या पिटिशनवर मला कधीच जाता येणार नाही, त्याच पिटिशनमुळे मी जाऊन परत येणार नाही असा संशय, आणि त्या संशयाचे 185 डॉलर शुल्क मीच भरायचे. ते परतही मिळत नाही.

रात्री आत्याने पिटिशन मागे घेण्याची तयारी दाखवली. अर्जात मात्र ते कधी दाखल झाले होते का, एवढेच विचारतात, त्यामुळे मागे घेऊनही उत्तर बदलणार नव्हते. मी हे समजावत असताना बाबांनी फोन ओढून घेतला आणि म्हणाले, "ताई, पिटिशन राहू दे. त्याला आपण जर्मनीला पाठवू."