‘रक्त पिऊन जाणारा अनोळखी प्राणी’: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

तालुक्याचं आणि गावाचं नाव बदलून एक मेसेज वर्षानुवर्षं ग्रामीण महाराष्ट्रातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. सोबत मेलेल्या शेळ्यांचे फोटो असतात, कधी केस झडलेल्या एखाद्या प्राण्याचा अंधारातला व्हिडिओ. मजकूर साधारण असा: ‘एका रात्रीत पंधरा-वीस शेळ्या मेल्या. गळ्यावर फक्त दोन छिद्रं. जमिनीवर रक्ताचा थेंब नाही, मांसही खाल्लेलं नाही, म्हणजे रक्त पिऊन गेला. पंजा कुठल्याच प्राण्याशी जुळत नाही. फॉरेस्टवाल्यांनीच गाडीतून आणून सोडलाय आणि आता कुत्र्यांचं नाव सांगून हात झटकतायत. मेलेल्या जनावरावर औषध टाकून ठेवा.’

असा मेसेज गावात पोचला की पहाटेच शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्याभोवती गर्दी होते. ठसे तुडवले जातात, मेलेली जनावरं ओढून रांगेत मांडली जातात, जखमांवर पाणी ओतलं जातं. वनरक्षक पोचेपर्यंत सांगण्यासारखं जे काही होतं ते पुसलेलं असतं. मग ‘कोणता प्राणी ते कळलं नाही’ असा शेरा पडतो आणि मेसेज आणखी जोरात फिरतो. नुकसान मात्र ज्याच्या शेळ्या गेल्या त्याचंच होतं.

‘रक्ताचा थेंब नाही, म्हणजे रक्त प्यायलं’

25 किलोच्या शेळीच्या अंगात दीड-पावणेदोन लिटर रक्त असतं. ते भोकातून ओढून प्यायचं तर तोंडाने शोषता यायला हवं. बिबट्या, लांडगा, कुत्रा, तरस यांपैकी कुणालाही ते जमत नाही. पाणीसुद्धा ते जिभेनेच उचलतात. सुळे भरीव असतात, त्यांतून काही ओढता येत नाही. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडतात, आणि त्याही कातडीला बारीक छेद देऊन चमचा-दोन चमचे रक्त चाटतात. भारतात त्या नाहीत.

मग रक्त जातं कुठे? ते अंगातच असतं. बिबट्या गळा धरून ठेवतो, श्वासनळी दाबली जाते आणि जनावर गुदमरून मरतं. सुळे रुतलेले असेपर्यंत भोक बुजलेलंच असतं. पकड सुटते तेव्हा हृदय थांबलेलं असतं, त्यामुळे रक्त बाहेर फेकायला दाबच उरत नाही. नंतर काही तासांत ते वजनाने खालच्या अंगाला उतरतं आणि गोठतं. सकाळी लोक वरच्या कुशीला सुरी लावतात, तिथे फिकट मांस दिसतं, आणि ‘रक्तच नाही’ अशी बोंब होते. तेच जनावर उलटं करून खालची बाजू पाहिली तर कातडीखाली सगळं जांभळट दिसतं.

खरा पुरावाही कातडीखालीच असतो. जखमेभोवतीचे केस कात्रीने काढायचे, मानेची कातडी जबड्यापासून छातीपर्यंत चिरून दोन्ही बाजूंना सोलायची. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर भोकांभोवती स्नायूंत काळपट-लाल रक्त साकळलेलं दिसतं, कधी श्वासनळी चेपलेली सापडते. मेल्यावर कुणी लचके तोडले असतील तर भोकं असतात, पण साकळलेलं रक्त नसतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग), पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग), सर्पदंश किंवा विजेच्या धक्क्याने मेलेल्या शेळीला रात्री कुत्र्यांनी फाडलं, तर बाहेरून ती शिकारच वाटते.

हे काम पशुवैद्यकाचं आहे, आणि त्याआधी एक गोष्ट पाहायचीच. नाकातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल, पोट भराभर फुगलं असेल आणि अंग ताठलं नसेल, तर सुरी लावायची नाही. ही फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लक्षणं आहेत. जनावर उघडलं की जंतू मातीत जातात, तिथे वर्षानुवर्षं टिकतात, आणि उघडणाऱ्यालाही रोग होतो.

‘गळ्यावर दोनच छिद्रं’

मांसाहारी प्राण्याला सुळे चार असतात: वर दोन, खाली दोन. गळा जबड्यात धरला की दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला रुततात. मेंढीच्या लोकरीत किंवा जमिनीकडच्या बाजूला दडलेली भोकं केस काढल्याशिवाय दिसत नाहीत. चारही सापडली की मोजपट्टी लावायची. बिबट्याच्या वरच्या सुळ्यांमधलं अंतर साधारण 4 ते 5 सेंमी भरतं, कोल्ह्याचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. कुत्रा आणि लांडगा यांची मापं मात्र एकमेकांत मिसळतात, आणि मोठ्या कुत्र्याचं माप बिबट्याच्या जवळ जातं. कातडीही ताणली जाते. म्हणून नुसत्या मापावर निवाडा द्यायचा नाही.

‘खायचं नव्हतं तर मारलं कशाला?’

मोकळ्या रानात एक शेळी धरली की बाकीची पळून जातात आणि शिकार तिथेच संपते. बंद वाड्यात पळायला जागा नसते. जनावरं ओरडत, धडपडत समोरच राहतात, आणि शिकारी प्राण्याला झडप घालायला लावणारी चाळवणी थांबत नाही. प्राणीशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1972 मध्ये याची सविस्तर मांडणी केली. टांझानियात एका काळोख्या वादळी रात्री तरसांनी 82 हरणं मारल्याची नोंद त्यांनी दिली आहे, आणि त्यांतली फार थोडी खाल्ली गेली होती. शिवाय पहाट होते, माणसं बॅटऱ्या घेऊन धावतात, आणि खायला वेळच मिळत नाही.

‘काळीज तेवढं सफाईने काढून नेलं’ हेही याच जातीचं. शिकार करणारा असो की मेलेलं खाणारा, दोघंही मऊ जागेपासून सुरुवात करतात: पोट, कास, जीभ, गुदद्वार. पोट फुगून कातडी तटतटली की फाट सरळ रेषेत जाते आणि सुरीने कापल्यासारखी दिसते. अमेरिकेत 1970 च्या दशकात गुरं अशीच ‘शस्त्रक्रिया’ झाल्यासारखी सापडत होती. तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे, एफबीआयचे, निवृत्त अधिकारी केनेथ रोमेल यांनी न्यू मेक्सिकोत चौकशी करून 1980 मध्ये अहवाल दिला: हे मेलेलं खाणाऱ्या प्राण्यांचं काम आहे.

‘पंजा कुठल्याच प्राण्याशी जुळत नाही’

एकाच ठशाचा फोटो, तोही मोजपट्टीशिवाय, तर तो जुळणार कशाशी? चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो आणि सहा-सात बोटांचा विचित्र पंजा उमटतो. ओल्या चिखलात ठसा पसरतो, सुकताना कडा ढासळून आणखी मोठा दिसतो. म्हणून एका ठशावर न थांबता माग धरून पुढे जायचं आणि चांगले चार-पाच ठसे शोधायचे.

बिबट्याचा ठसा गोलसर, 6 ते 8 सेंमी रुंद. चार बोटं असतात, नखं उमटत नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाया स्पष्ट दिसतात. (निसरड्या चिखलात बिबट्याही नखं रोवतो, हे लक्षात ठेवावं.) कुत्र्याचा तळवा त्रिकोणी असतो आणि मधल्या दोन बोटांची नखं पुढे टोचलेली दिसतात. लांडग्याचा ठसा तसाच पण लांबट असतो, आणि माग सरळ रेषेत जातो. कुत्री इकडेतिकडे भटकत जातात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो.

ठसा उचलायचा तर आधी बाजूला मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो घ्यायचा. मग भोवती पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची 3-4 सेंमी उंच पट्टी रोवायची. एका ठशाला अर्धा किलोच्या आसपास प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं: दोन भाग प्लास्टर, एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर सोडायचं, पाणी प्लास्टरमध्ये नव्हे, नाहीतर गाठी होतात. हळू ढवळायचं, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. उंचावरून ओतलं तर ठशाची माती उडते. चमचा आडवा धरून त्यावरून कडेने आत सोडायचं. पातळ झालं तर साचा भुगा होतो, घट्ट झालं तर नखांच्या खाचेत उतरत नाही. अर्धा तास हात लावायचा नाही. घाईने उचललं की नेमकी बोटांपाशी तुटतं. चिकटलेली माती दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने काढायची.

व्हिडिओतला ‘अनोळखी’ प्राणी बहुतेकदा खरजेने केस झडलेला कुत्रा किंवा कोल्हा असतो. केस गेले की कातडी काळी-सुरकुतलेली दिसते, कान आणि पाय नको इतके लांब वाटतात.

‘फॉरेस्टवाल्यांनीच आणून सोडलाय’

या संशयाला मूळ आहे, ते सांगितलंच पाहिजे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे खरोखरच दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला: 29 बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. म्हणजे ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ हा उपायच घातक ठरला. पण उसाच्या पट्ट्यात आज दिसणाऱ्या बिबट्यासाठी कुणी गाडी आणावी लागत नाही. उसात तो जन्मतो, तिथेच वाढतो, कुत्री आणि शेळ्या-करडांवर पोट भरतो. याच संशोधकांच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात 100 चौरस किमीला सुमारे 5 बिबटे आढळले, आणि तो भाग शेतीचा आहे, अभयारण्य नाही.

‘कुत्र्यांचं नाव सांगून हात झटकतात’

मेसेजमधला हा सगळ्यात गंभीर आरोप आहे, कारण याला पैसा जोडलेला आहे. वन्यप्राण्याने शेळी-मेंढी मारली तर 2022 मध्ये ठरलेल्या दरानुसार बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा या यादीत आहेत. मोकाट कुत्री नाहीत. त्यामुळे ‘कुत्रा’ हा शब्द पंचनाम्यात आला की मालकाच्या हातात काही पडत नाही, आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. मात्र उलटंही तितकंच खरं आहे: मोकाट कुत्र्यांचं टोळकं एका रात्रीत दहा-वीस मेंढ्या फाडतं, आणि ते बिबट्याच्या खात्यावर टाकलं तर पिंजरा लागतो बिबट्यासाठी, कुत्री मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

कुत्र्यांचं काम ओबडधोबड असतं. मागच्या मांड्या, कुशी, कान, शेपटी, जिथे तोंड पोचेल तिथे चावे. बरीच जनावरं अर्धमेली. बिबट्याचा चावा गळ्यावर किंवा मानेवर एकाच जागी असतो, आणि एखादं जनावर तो उचलून किंवा फरफटत नेतो. लांडगे कोकरू उचलून नेतात, मोठी मेंढी जागीच भराभर खातात. पुण्याजवळच्या माळरानांवर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून 2023 मध्ये सिद्ध झालं आहे, तेव्हा नुसत्या नजरेने सांगणं आणखी अवघड.

म्हणून लाळेचा नमुना मागा. निर्जंतुक कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओली करून भोकांच्या कडेने फिरवायची, सावलीत वाळवायची, कागदी पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना कुजतो. प्रत्येक जखमेला वेगळी काडी, वेगळं पाकीट, वर तारीख-वेळ. जखम धुतली किंवा घरच्या कुत्र्याने चाटली की नमुना गेला, म्हणून राखणीचं कुत्रं आधी बांधा. कुंपणाच्या तारेवर अडकलेले केसही असेच कागदात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र संशोधन संस्थेची प्रयोगशाळा अशा नमुन्यांवरून प्राणी ओळखतात.

क्रम चुकवू नका: आधी फोटो, मग लाळ, मग केस काढणं, मग सोलणं. एक मेलेलं जनावर जागेवरच ठेवून 3-4 मीटरवर गुडघ्याइतक्या उंचीला कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावला, तर मारणारा परत आल्यावर फोटोत सापडतो. पंचनाम्यावर सही करण्याआधी चाव्यांच्या जागा, सुळ्यांचं माप, ठशांचं वर्णन आणि कातडीखाली काय दिसलं हे लिहिलंय का ते वाचा. नुसतं ‘कुत्र्याने मारले’ एवढंच लिहिलं असेल तर कशावरून ते लिहून मागा. घटना 48 तासांच्या आत कळवायची असते आणि पाहणी होईपर्यंत जनावर हलवायचं नसतं. वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक 1926.

‘औषध टाकून ठेवा’

नका टाकू. विष घातलेलं मांस कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हातात नसतं: तरस, गिधाड, घार, शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रं. बिबट्या किंवा लांडगा मेला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे, आणि भरपाईची फाईलही तिथेच अडकते. पंचनामा झाला की जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कोणी मारलं हे कळलं की वाड्याचं काय करायचं तेही कळतं. कुत्री आणि लांडगे जमीन उकरून किंवा फटीतून आत येतात, त्यांच्यासाठी जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडावा लागतो आणि दाराखालची फट बंद करावी लागते. बिबट्या भिंत चढून वरून उतरतो. कुंपण कितीही उंच केलं तरी माथ्यावर जाळी किंवा पत्रा नसेल तर उपयोग नाही. मेंढपाळांची सुती वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची दोरीची जाळी, मेंढ्या आत ठेवते, पण बिबट्याला बाहेर ठेवत नाही. तिथे लोखंडी जाळीच्या जोडता येणाऱ्या चौकटी, दोघांनी उचलता येतील अशा, वापराव्या लागतात, आणि त्यांनाही माथ्यावर जाळी बांधावी लागते.