दहा किलोंचा दावा आणि नारळपाण्याची चूक

नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून पोलीस भरतीची तयारी करणारा माझा भाचा गेल्या महिन्यात घरी आला. दार उघडल्या उघडल्या मला दिसली ती त्याची बसलेली गालफडं. पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, "मावशी, तीन आठवडे झाले, रोज सकाळी न चुकता पितोय. वजन वाढायचं सोडून अर्धा किलो उतरलंय." काय पितोस म्हणून विचारलं, तर त्याने मोबाईल पुढे केला. तो मेसेज मी आधी सोसायटीच्या ग्रुपवर पाहिला होता, माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन पेशंटच्या मोबाईलवरही पाहिला होता. पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तरी तेव्हा तो नुसता वाचून सोडून दिला, उत्तर लिहिलं नाही. ते तेव्हाच लिहायला हवं होतं.

मेसेज असा आहे : "१ केळं, १ वाटी पिकलेली पपई, १ वाटी अननस, १ ग्लास नारळपाणी, १ मोठा चमचा मध. मिक्सरमधून काढून सकाळी रिकाम्या पोटी प्या. नंतर दोन तास काही खाऊ नका. एका ग्लासात १००० कॅलरी. ३० दिवसांत १० किलो वजन वाढणारच. दूध चुकूनही घालू नका, फळं आणि दूध एकत्र म्हणजे विष. पूर्ण नैसर्गिक, त्यामुळे लहान मुलं, शुगरवाले, सगळ्यांना चालतं. व्यायामाची गरज नाही. लवकर फरक हवा असेल तर सोबत आमचं चूर्ण घ्या." खाली एक मोबाईल नंबर.

"एका ग्लासात १००० कॅलरी." त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी ओट्यावर वजनकाटा ठेवून ते पेय करून पाहिलं. मंडईतून आणलेलं नेहमीचं केळं सोलल्यावर १०० ग्रॅम भरलं, म्हणजे ९० कॅलरी. अननसाच्या फोडी १०० ग्रॅम, ५० कॅलरी. पपई तेवढीच, ४०च्या आसपास. मधाचा मोठा चमचा २० ग्रॅम, ६० कॅलरी. आणि २०० मिलि नारळपाणी, जेमतेम ४०. बेरीज २८०. भाच्याने ती दोनदा केली. चमचा चमचा तूप लावलेल्या दोन पोळ्यांत एवढ्या कॅलरी असतातच.

मग १००० हा आकडा आला कुठून? माझा अंदाज सांगते. वजन वाढवण्यासाठी परदेशात जी अशी फळांची स्मूदी करतात, तिच्यात नारळाचं दूध घालतात. ओलं खोबरं वाटून, पिळून काढलेला तो दाट रस, आपण सोलकढीला वापरतो तो. त्याच्या १०० मिलिमध्ये २००च्या वर कॅलरी असतात आणि त्या बहुतेक सगळ्या स्निग्धांशाच्या, कारण एका ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात तर कर्बोदकांत आणि प्रथिनांत ४. नारळपाण्यात स्निग्धांश जवळपास नसतोच. ग्लासभर पाण्याच्या जागी ग्लासभर दाट दूध घातलं, तर हीच बेरीज साडेसहाशेच्या पुढे जाते. आणखी एक केळं आणि मूठभर काजू टाकले की हजाराच्या जवळ पोचते. मेसेज मराठीत आणणाऱ्याने कुठेतरी 'नारळाचं दूध'चं 'नारळपाणी' केलं असावं. कदाचित पुढच्याच ओळीत दुधाला विष म्हणायचं होतं, म्हणून 'दूध' हा शब्दच नको झाला असेल. कारण काहीही असो, त्या एका शब्दाने पेयातला सगळा कस गेला. तहान भागवायला नारळपाणी उत्तम. वजन वाढवायला त्याचा उपयोग नाही.

"३० दिवसांत १० किलो." याला मेसेजचेच आकडे पुरेसे आहेत. शरीरात एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जादा जाव्या लागतात. रोजच्या १००० कॅलरी खऱ्या धरल्या, त्या सगळ्या रोजच्या जेवणावर जादा गेल्या असं मानलं, तरी ३० दिवसांत होतात ३०,०००. म्हणजे चार किलोंहूनही कमी. दहा किलोंसाठी रोज अडीच हजारांच्या वर जादा कॅलरी लागतील, म्हणजे धडधाकट तरुणाच्या दिवसभराच्या जेवणाएवढं आणखी एक जेवण. आणि खरा आकडा २८० धरला, तर महिन्याला जेमतेम एक किलो, तेही बाकीचं खाणं जराही कमी झालं नाही तर.

भाच्याचं तेच तर झालं होतं. रिकाम्या पोटी प्या, दोन तास काही खाऊ नका, ही सूचना त्याने इमानेइतबारे पाळली. पहाटे मैदानावर धावून साडेसातला खोलीवर, मग हे पेय, नऊला अभ्यासिका. आधी तो मेसमध्ये दाणे घातलेले पोहे खायचा, वर ग्लासभर दूध. ते सुटलं. चारशे-सव्वाचारशे कॅलरी गेल्या आणि त्यांच्या जागी २८० आल्या. रोजचा दीडशेच्या आसपासचा खड्डा, एकवीस दिवस. काट्यावर दिसलेला अर्धा किलो त्या हिशेबात बसतो. रिकाम्या पोटी घेतल्याने कुठल्याही फळातल्या कॅलरी वाढत नाहीत. ज्याला वजन वाढवायचंय, त्याने असं पेय जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये घ्यावं, म्हणजे पुढच्या ताटाची भूक मरणार नाही.

"फळं आणि दूध एकत्र म्हणजे विष." हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण वाळलेल्या पोरांच्या तोंडचा सगळ्यात सोपा खाऊ या वाक्याने काढून घेतला जातो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत शिकरण होतं. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात दूधही असतं आणि केळंही, आणि तो सवाच्या मापाने करून अख्ख्या आळीला वाटला जातो. दूध-केळ्याने ज्याला जड वाटतं किंवा कफ होतो, त्याने ते घेऊ नये. आयुर्वेदात विरुद्ध आहाराचा विचार आहे आणि तुमचे वैद्य नको म्हणाले असतील तर त्यांचं ऐका. पण सोसत नाही म्हणणं वेगळं आणि विष म्हणणं वेगळं.

अननसाची गोष्ट मात्र खरी निराळी आहे. त्यात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. म्हणून कच्चा अननस दुधात फिरवून ठेवला की थोड्या वेळात ते कडवट होतं. पपईतल्या पपेनचंही तसंच. यात विषबाधा नाही, चव जाते एवढंच. अननस शिजवला की विकर निकामी होतं, म्हणून अननसाचा शिरा दुधातही कडू लागत नाही. दुधात घालायला केळं, चिक्कू, हापूस, सीताफळ ही फळं बरी. त्यातही सासवड-पुरंदरकडचं सीताफळ मोसमात घ्या. गर वजनाला वजन धरला तर त्यात अननसाच्या जवळपास दुप्पट कॅलरी असतात. फक्त बिया एकूण एक काढा. त्या विषारी असतात, मिक्सरमध्ये एकही जाता कामा नये.

"नैसर्गिक आहे, सगळ्यांना चालतं." नाही चालत, आणि इथे चुकलं तर ते जिवावर बेतू शकतं. या ग्लासात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं आहेत, त्यातली बरीचशी साखरच. मधुमेहाच्या माणसाने ते सकाळी उपाशीपोटी घेतलं तर शुगर किती चढेल ते ग्लुकोमीटर दाखवेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटानेही चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि ज्यांची किडनी अधू आहे, पोटॅशियमचं पथ्य आहे, त्यांच्यासाठी केळं आणि नारळपाणी ही जोडी फार वाईट. या एका ग्लासात हजार मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आहे. ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. घरात किडनीचा पेशंट असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

"व्यायामाची गरज नाही." भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त लागते. नुसतं गोड पिऊन वाढलेलं वजन आधी पोटावर दिसतं. पेठांतल्या तालमीत जाणाऱ्या पोराला विचारा, खुराक आणि जोर-बैठका तिथे कधी वेगळ्या काढल्या जात नाहीत. स्नायू भरायला प्रथिनं लागतात, आणि मेसेजमधल्या पेयात प्रथिनं आहेत अडीच-तीन ग्रॅम.

आता चूर्ण. मला वाटतं हा सगळा मेसेज त्या शेवटच्या ओळीसाठी लिहिलेला आहे. पेयाने काही होत नाही, पोरगं हिरमुसतं आणि मग नंबर फिरवतं. भाच्याच्या खोलीतल्या एकाने ते मागवलं होतं. बिनलेबलची पुडी, पिवळसर भुकटी, घटक काय ते कुठेही लिहिलेलं नाही. आठ दिवसांत त्याची भूक खवळली, दिवसभर झोप यायला लागली, चेहरा गोल झाला. त्या पुडीत काय होतं ते मी सांगू शकत नाही, ती तपासलेली नाही. पण वजन वाढवण्याच्या अशा औषधांत सायप्रोहेप्टाडिन आणि डेक्सामेथासोन मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. पहिलं ॲलर्जीवरचं औषध, त्याने भूक वाढते आणि गुंगी येते. दुसरं स्टेरॉईड, त्याने अंगात पाणी धरतं, चेहरा सुजतो, शुगर आणि रक्तदाब वाढतात, हाडं ठिसूळ होतात. काट्यावर आकडा चढतो, पण ते मांस नसतं. आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉईड एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. म्हणून असं काही बरेच दिवस घेत असाल, तर आज पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. त्या मुलाला आम्ही दुसऱ्याच दिवशी नेलं.

मेसेजमध्ये न लिहिलेली एक गोष्ट या सगळ्यापेक्षा मोठी आहे. माणूस बारीक का आहे? भाचा लहानपणापासून सडपातळ. उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ५१ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १७च्या थोडा वर. निरोगी मर्यादा १८.५ला सुरू होते. त्याचं खाणं कमी आणि धावणं जास्त, कारण स्पष्ट होतं. पण ज्याचं वजन काही न करता सहा महिने-वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त उतरलंय, त्याने मिक्सर बाजूला ठेवून आधी तपासण्या कराव्यात. थायरॉईड, शुगर, क्षय. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर बेडका तपासून घ्यावा, सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते.

मग खरंच कस असलेलं पेय कसं करायचं? माझ्याकडचं माप : म्हशीचं दूध पाव लिटर, दोन केळी, एक चिक्कू, भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम, चार बिनबियांचे खजूर, दोन चमचे ओलं खोबरं. दाणे आणि खजूर आधी थोड्या दुधात वाटायचे, नाहीतर दाताखाली येतात. बेरीज आठशे कॅलरींच्या आसपास आणि प्रथिनं वीसेक ग्रॅम. सुरुवात अर्ध्या ग्लासाने करा. एकदम एवढं प्यायलात तर पोट बिघडेल आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. दूध पचत नसेल तर दही घ्या. रोज पाचशेच्या आसपास जादा गेल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो, काहींना त्याहून कमी. दोन महिन्यांत तीन-चार किलो झाले तर ते चांगलं झालं.

भाच्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि मग म्हणाला, "मावशी, खोलीवर मिक्सर नाही. तो दादाचा होता, तो परवा गावाला गेला." मी त्याला एक स्टीलचं पातेलं, एक काटा-चमचा आणि दाण्याच्या कुटाचा डबा दिला. दोन पिकलेली केळी काट्याने कुस्करायची, पिशवीतलं दूध तापवून गार केलेलं ओतायचं, तीन चमचे कूट, वर थोडा गूळ. पोहे खाऊन झाल्यावर, अभ्यासिकेत जाताना एक वाटी. रात्री झोपताना दुसरी. खजूर खिशात.