बांधाजवळचे काळे वर्तुळ

आज पहाटे अंबड तालुक्यातील गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्री पुन्हा कापून नेली आहे. दोन वर्षांतली ही तिसरी वेळ. मोसंबीच्या आंबे बहाराची फळे सुपारीएवढी झालेली असताना पाण्याची एक पाळी चुकली तरी फळगळ सुरू होते, हे माझ्या शेतकरी मित्रांना सांगायला नको.

पहिल्या चोरीच्या वेळी मी गावीच होतो. बांधाजवळच्या पडीक जागेत गवत जळून एक काळे वर्तुळ उमटले होते. चोरांनी तिथेच केबलचे आवरण जाळून तांबे मोकळे केले होते. वडील त्या राखेशी उकिडवे बसले आणि काडीने ती कितीतरी वेळ उकरत राहिले.

असे जळून काळे पडलेले तांबे कोणी पहाटे आणून भंगाराच्या गोदामातल्या तराजूत टाकतो, तेव्हा ते कुठून आले याची शंका विकत घेणाऱ्या गोदामवाल्याला येत नाही, हे मला कोणी पटवू नये. कोल्हापुरी बंधाऱ्यांची लोखंडी दारे चोरीला जातात, ती काय चोर घरात मांडून ठेवतात? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु माल चोरीचा असल्याचे त्याला ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध करावे लागते. गोदामात खरेदीची वहीच नसेल, तर ते सिद्ध कशाच्या आधारे करायचे?

जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढायची, तर ती चोरीची नाही ना, हे २०२१ च्या नियमांनुसार तपासावे लागते. मग शेतकऱ्याच्या केबलनेच काय पाप केले आहे? नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने गोदामांना परवाना देताना विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र आणि वजन नोंदवणारी वही सक्तीची करावी, तांबे-पितळ आठ दिवस न वितळवता ठेवायला लावावे आणि पोलिसांनी ती वही दर आठवड्याला पाहावी.

जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना भंगार लागते आणि या धंद्यावर हजारो चुली पेटतात, हे मान्य. लहानपणी आमच्या गल्लीत सायकलवर येणारे भंगारवाले काका आठवतात. फुटक्या बादलीच्या बदल्यात ते आम्हा मुलांना मुरमुरे देत, आणि एकदा एका पोराने आणलेली चांगली पितळी घागर ते स्वतः त्याच्या आईला परत देऊन आले होते. त्यांच्यासारख्या फेरीवाल्याची गाडी जप्त करून कारवाई झाल्याचे कोणी दाखवणार असेल, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. वही मागायची ती गोदामात, जिथे ट्रक भरतात.

भावाला नव्या केबलचे पैसे आत्ताच पाठवले. काळे वर्तुळ या वेळीही तिथेच आहे, असे तो म्हणाला. वडिलांना त्याने अजून शेतात जाऊ दिलेले नाही. सोमवारी मी लेखी निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आहे. तालुक्यात ज्यांच्या केबली गेल्या आहेत, त्यांनी तक्रारीची प्रत घेऊन सोबत यावे.