बक्षीस किती, एवढंच विचारायचं का रे?

आज सकाळी डोकंच फिरलं. शिमग्यानंतर सड्यावर आमच्या वाडीची आणि खाडीपलीकडच्या गावाची क्रिकेट मॅच होते, आमच्या वडलांच्या वेळेपासून होते, त्याचा मेसेज टाकला तर तिकडच्या एका पोराचा रिप्लाय, "बक्षीस किती? नसेल तर आम्हाला दुसरीकडे टूर्नामेंट आहे." बस, एवढंच.

माझे काका चेंबूरच्या गोल्फ क्लबात कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्या साहेबांची काठ्यांची पिशवी उचलायचे. गणपतीला गावी आले की पडवीत बसून दोन क्लबांच्या फ्रेंडली मॅचचं सांगायचे. समोरच्याचा बॉल होलच्या अगदी जवळ थांबला की साहेब स्वतःच म्हणायचा, उचल, झाला तुझा. मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत खेळायच्या प्रकारात, नियमानेच चालतं हे. खेळून झालं की दोन्ही क्लबांची माणसं एकत्र जेवायची. कॅडीला त्या टेबलावर जागा नसायची, ते आहेच, आणि काकांना ते लागायचंही. पण "उचल, झाला तुझा" सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा.

1969 च्या रायडर कपात, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटनच्या गोल्फ स्पर्धेत, तर अमेरिकेच्या जॅक निकलसने अगदी शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांचा पट, म्हणजे होलात बॉल ढकलायचा हळू फटका, असाच सोडून दिला आणि अख्खी स्पर्धा 16-16 अशी बरोबरीत सुटली. प्रोफेशनल माणसं ती, देशासाठी खेळत होती, तरी जमलं. आणि आमच्याकडे सड्यावर एका वाइडवरून पोरं स्टंप उपटून अंगावर धावतात!

आता तर प्लेअरचे लिलाव, बाहेरून आणलेला बॉलर, यूट्यूबवर लाइव्ह, आणि वाडीतलं पोर बाउंड्रीबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं. कोणासाठी चाललंय हे? हो, बक्षिसातून पोरांना चार पैसे सुटतात, गावात कामधंदा नाही, मान्य. मग त्या टूर्नामेंटा खेळा ना, कोण अडवतंय, वर्षातला एक दिवस आम्हाला द्या.

कारण त्या दिवशी चाकरमानी आणि गाववाले एकाच टीमात असतात, पलीकडची माणसं होडीने येतात, कोणीही जिंको, वडे-सागोती यजमान वाडीचीच, आणि वाढायला हरलेला कॅप्टनसुद्धा उभा राहतो. मी लहान होतो तेव्हा पलीकडच्या एका दादाने मला मुद्दाम हळू बॉल टाकला होता. आज त्यांच्या नातवंडांना ओळखतो मी, नावानिशी.

टीम कच्ची-पक्की आहे म्हणताय? गोल्फमध्ये त्यावरही सोय आहे, काकांनीच समजावलेली: हँडिकॅप, म्हणजे खेळाडू किती कच्चा त्याचा आकडा, जेवढा मोठा तेवढा कच्चा. 18 हँडिकॅपवाला 6 वाल्याशी खेळला तर त्याला 12 फटक्यांची सवलत, सगळ्यात अवघड 12 होलवर एकेक. म्हणूनच म्हातारा मेंबर आणि कॉलेजचा पोरगा बरोबरीने खेळू शकतात.

तर पलीकडच्या पोरांनो, तुमचे ते टूर्नामेंटवाले दोघे खुशाल खेळवा. आमच्या बोर्डावर आधी वीस रन लावा आणि या. भरतीची वेळ बघून होडी पाठवतो.