गुडघा कुठे ठेवायचा?

शनिवारी आईला विमानतळावरून आणलं, घरी सोडलं आणि तसाच कट्ट्यावर गेलो. डोकं तापलेलं होतं. बंगळुरूहून मुंबई, जेमतेम पावणेदोन तासांचा प्रवास, आणि उतरताना तिला सीटवरून उठवायला दोघांनी हात द्यावा लागला. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेत. डॉक्टर म्हणाले होते, खुशाल जा, फक्त मधूनमधून पाय सरळ करत राहा. तो करायचा कुठे? तिकीट ताईने काढलं होतं, सीट निवडायचे वेगळे पैसे भरले नव्हते, म्हणून वाट्याला आली ती मधली सीट. दोन्ही बाजूंना माणसं आणि पुढच्याची पाठ गुडघ्याला टेकलेली.

मंग्याने पहिला प्रश्न विचारला, "तिकीट कितीचं होतं?"

"साडेतीन हजार."

"मग साडेतीन हजारांत काय पलंग देणार आहेत?"

मंग्या मशीनचे सुटे भाग विकतो. महिन्यातून सहा-सात वेळा विमानात असतो, त्यामुळे या विषयावर शेवटचा शब्द आपलाच असं त्याला वाटतं. मी म्हटलं, पलंग नको, पण माणसाला बसायची सीट आहे ना ती? त्यावरून जे सुरू झालं ते साडेनऊपर्यंत संपलं नाही. मधूनमधून डोक्यावरून विमान जायचं, तेवढं सगळे गप्प. पार्ल्यात राहायचं म्हणजे ही सवय असावीच लागते.

मंग्याचं म्हणणं मी आधी नीट मांडतो, कारण ते खरं आहे. "तुम्ही सगळे जुन्या दिवसांच्या आठवणी काढता," तो म्हणाला. "गरम जेवण, स्टीलचे काटे-चमचे, हात पुसायला गरम टॉवेल. पण तेव्हा विमानात होतं कोण? माझ्या बाबांनी विमान आतून पाहिलंच नाही. चिपळूणहून मुंबईला यायला एसटीत रात्र काढायचे. 2003 साली एअर डेक्कन सुरू झाली, तिने एक रुपयात तिकिटं विकली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना कळलं की हे आपल्यालाही जमू शकतं. 2024 मध्ये देशातल्या देशात सोळा कोटींवर प्रवासी उडाले. ते सगळे गरम टॉवेलवर उडाले असते का?"

बाळकाका एवढा वेळ ऐकत होते. ते चौतीस वर्षं विमानांच्या देखभालीत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी वर आवाज आला की मान वर न करता एंजिन सांगतात. ते म्हणाले, "मंगेश, तिकीट स्वस्त झालं हे चांगलंच झालं. पण स्वस्त झालं कशातून, ते बघ. एअरबसचं ए-थ्री-ट्वेंटी हे विमान आपल्याकडे 1989 पासून आहे. त्याची रुंदी तेवढीच आहे, प्रवाशांच्या भागाची लांबीही तेवढीच. 2015 साली विस्तारा सुरू झाली तेव्हा तिने त्यात 148 सीट बसवल्या होत्या. बिझनेसच्या सोळा, प्रीमियम इकॉनॉमीच्या छत्तीस, बाकी साध्या. स्वस्तवाले त्याच नळकांड्यात आधी 180 बसवायचे, आता 186. ही जादा सहा सीटची एक रांग आली कुठून?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"मागच्या स्वयंपाकघरातून," काका म्हणाले. "शेपटीकडे गॅली असते ना, तिथेच संडास सरकवले. गॅली आक्रसली आणि पुढे एका रांगेची जागा मोकळी झाली. सीटची पाठही पातळ केली."

इथे शैला बोलली. शैला अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होती. तिची कंपनी बंद पडल्यावर आता ती मुलांना इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, "आणि माणसं तेवढीच. पन्नास सीटमागे एक क्रू हा किमान नियम आहे. 180 ला चार लागतात, 186 लाही चारच. लोक म्हणतात क्रू हसत नाही, लक्ष देत नाही. अरे, मुंबई-गोव्यासारख्या प्रवासात सीटबेल्टचा दिवा बंद झाल्यापासून पुन्हा उतरायची तयारी सुरू होईपर्यंत अर्धा तासही धड मिळत नाही. त्यात पूर्ण विमानभर फिरायचं, खाणं विकायचं, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, कचरा गोळा करायचा. आम्ही जेवण वाढायचो. ही मुलं वाढतात आणि गल्लाही सांभाळतात."

जेवणाचा विषय निघाल्यावर गाडी तिकडे वळलीच. मंग्या म्हणाला, विमानातलं जेवण तसंही बेचव असतं, विकत मिळतं तेच बरं. काकांनी त्याला थांबवलं. "जेवण बेचव नसतं, आपली जीभ बधिर होते. केबिनमधला हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाई किती? साधारण चोपन्नशे फूट. म्हणजे तू कळसूबाईच्याही बऱ्याच वर बसून उपमा खातोस. हवा कोरडी, कानात एंजिनची घरघर. खारट आणि गोड दोन्ही चवी कमी जाणवतात." लांबच्या प्रवासाच्या ड्रीमलायनरमध्ये हाच दाब सहा हजार फुटांचा ठेवतात, कारण त्याचं धड कार्बनच्या धाग्यांचं असतं आणि ते जास्त ताण सोसतं, हेही त्यांनी सांगितलं. मला ते फार आवडलं. माणसाला बरं वाटावं म्हणून विमानाचं अंगच बदलता येतं, हे आधी कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण माझा मुद्दा जेवणाचा नव्हताच. डबा घरून नेता येतो. पाय घरी ठेवून जाता येत नाही.

"मग पैसे भरून पुढची सीट घ्यायची," मंग्या म्हणाला. "नाहीतर इमर्जन्सी दाराजवळची. तिथे काकूंना ऐसपैस जागा मिळाली असती."

"तिथे त्यांना बसूच दिलं नसतं," शैला ताडकन म्हणाली. "दाराजवळ बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई तिथे चालत नाही. म्हणजे ज्या जागेची सगळ्यात जास्त गरज त्यांना, तीच पैसे देऊनही त्यांना मिळणार नाही."

हे ऐकल्यावर मंग्या जरा थांबला. काका उठले, स्कूटरच्या डिकीतून मोजपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "कॅरमबोर्ड आण."

पिंपळामागच्या भिंतीला पाठ टेकवून मंग्याला कट्ट्यावर बसवलं. "दोन रांगांमधलं अंतर याच्या पाठीपासून त्याच्या पाठीपर्यंत मोजतात. स्वस्त विमानात ते 28 ते 30 इंच असतं. आपण 28 धरू. त्यातून पुढच्या सीटच्या पाठीची जाडी गेली, पातळ असली तरी दोन इंच. राहिले 26." तेवढ्यावर त्यांनी कॅरमबोर्ड उभा धरला. मंग्या सहा फुटांना थोडा कमी. त्याचे गुडघे आणि बोर्ड यांच्यात बोटभर जागा उरली.

"आता उजवा पाय सरळ कर."

तो पाऊल पुढे सरकवायला लागला. काकांनी तिथे त्याचीच ऑफिसची बॅग ठेवली. "पुढच्या सीटखाली ही असते." पाय तिरका होऊन शैलाच्या जागेत गेला. मग काकांनी बोर्ड सहा इंच मागे घेतला. "हे 34. पूर्वी साध्या वर्गात 32 ते 34 मिळायचे." मंग्याने पाय हलवून पाहिला, पुन्हा हलवला आणि काही न बोलता उठला.

मी म्हटलं ते एवढंच, आणि आजही तेच म्हणतो. खिडकी विका, पुढची रांग विका, खाणं विका, जादा सामानाचे पैसे घ्या. माझी तक्रार नाही. पण शरीर मावायला लागणारी जागा ही चैनीची वस्तू नाही. रेल्वेकडे बघा. पंचेचाळीस वर्षांवरची बाई एकटीने आरक्षण करते तेव्हा लोअर बर्थच्या कोट्यात तिचा नंबर लागू शकतो, त्याचे जादा पैसे कोणी मागत नाही. म्हातारीने वरच्या बर्थवर चढू नये, इतकी साधी समज त्या नियमात आहे. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या डीजीसीएने 2024 च्या एप्रिलमध्ये सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी सीट द्या. म्हणजे नियम करता येतो. मग गुडघ्यांसाठी का नाही करता येत?

"अमेरिकेत प्रयत्न झालाय," काका म्हणाले. "2018 मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला, सीटची किमान मापं ठरवा म्हणून. 2022 मध्ये लोकांची मतं मागवली, हजारोंनी मतं पाठवली. पण तिथे तो विषय सुरक्षिततेच्या बाजूने घेतला. विमान पास व्हायचं तर अर्धी दारं बंद ठेवून सगळे नव्वद सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. अरुंद जागेतून तेवढ्या वेळात पडता येतं का, असा प्रश्न. दुखणारा गुडघा त्यात बसत नाही."

"त्या चाचणीत माझी आई होती का?" मी विचारलं. काका काही बोलले नाहीत.

मंग्याने हार मानली नाही, आणि त्याचं हेही खोटं नव्हतं. तो म्हणाला, "दोन रांगा काढल्या की बारा सीट गेल्या. त्या बारांचे पैसे बाकीच्यांवर पडणार. साडेतीन हजारांचे पावणेचार होतील. माझी आई 2011 साली पहिल्यांदा उडाली ती तिकीट परवडलं म्हणून. तिला अडीचशे रुपये जास्त पडले असते तर कदाचित रेल्वेनेच गेली असती."

"तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत?" शैलाने विचारलं.

"दुखतात," तो म्हणाला.

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. चहा आला. आईला पुढच्या महिन्यात बारशाला परत जायचंय, हे मी सांगितलं. शैला म्हणाली, "आत्ता बघ, सी सीट आहे का. तिच्या उजव्या हाताला पॅसेज येतो, उजवा पाय तिकडे सरळ करता येईल. डावा गुडघा असता तर डी म्हटलं असतं. ट्रॉली येताना दिसली की तेवढा आत घ्यायचा. आणि काउंटरवर ऑपरेशनचं आधीच सांग, लाजू नकोस."

मी तिथेच फोन काढला. दहाव्या रांगेतली सी मोकळी होती. घेतली, पैसे भरले.

"किती?" मंग्याने विचारलं.

"साडेचारशे."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, कॅरमबोर्ड उचलला आणि भिंतीला नीट टेकवून ठेवला.