ती बाहुली नाही आणि वूडू तर नाहीच नाही

आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड. पांढऱ्या चेहऱ्याच्या लाकडी मुखवट्याचा फोटो, सोबत कापडात गुंडाळलेली बाहुली गरागरा फिरतानाचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: 'आफ्रिकेतल्या क्वेले जमातीच्या हजारो वर्षं जुन्या वूडू बाहुल्या, सुया टोचून शत्रूला मारतात, आपोआप नाचतात.' एका वाक्यात इतक्या चुका करायलाही स्किल लागतं राव.

आधी वूडू. ते बेनिन-टोगोकडचं, गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर हैतीत गेलेलं. क्वेले राहतात गॅबन, काँगो प्रजासत्ताक आणि कॅमेरूनच्या सीमेवरच्या जंगलात, संबंध काय? खिळे ठोकलेल्या मूर्ती असतात, पण त्या काँगो नदीच्या मुखाकडच्या कोंगो लोकांच्या, आणि तिथे खिळा ठोकून शपथ, करार पक्के व्हायचे.

दुसरं, काळी जादू. इथे तर पार उलटं केलंय. क्वेलेंचा बेएते नावाचा विधी असायचा तोच मुळी चेटकाविरुद्ध. गावात रोगराई आली, कोणी मोठा माणूस गेला की बेएते. पुरुष हरणं मारायला जंगलात जाणार, मागे गाव नाचगाण्यानं 'तापवत' ठेवायचं, मुखवटे त्यासाठी नाचायचे, आणि शेवटी त्या मांसाचा पूर्वजांच्या अस्थींसोबत शिजवलेला रस्सा सगळ्यांनी खायचा. चेहऱ्यावरचा पांढरा म्हणजे केओलिन माती, ती उजेडाची, स्पष्ट दिसण्याची खूण, कारण चेटूक शोधायचं तर नीट दिसायला नको? हां, गोन नावाचा गोरिलाच्या कवटीसारखा सुळेवाला मुखवटा असतो, तो घाबरवणाराच, ते मान्य.

आता कोणी म्हणेल, फोटोतल्या डोळ्यांना भोकंच नाहीत मग घालणार कसा, म्हणजे बाहुलीच ना? नाही. पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा, बारीक तिरके डोळे, पण आरपार कोरलेले नाहीत, असे क्वेले मुखवटे बरेच सापडतात. ते बहुधा घरात टांगायचे.

आणि फिरणारी बाहुली? ती क्वेलेंची नाहीच! तो केबे-केबे, काँगोतल्याच कुयू लोकांचा नाच. दांड्यावर रंगवलेलं लाकडी मुंडकं, खाली पायघोळ कापड, आत माणूस दांडा वर धरून गिरक्या घेतोय. तो खाली बसला की बाहुली बुटकी, हात उंचावला की एकदम लांब, म्हणून 'आपोआप' वाटतं. आत कोण ते बायकांना आणि दीक्षा न घेतलेल्यांना कळू द्यायचं नाही हा नियम, पण आपल्याला कोणी शपथ घातलेली नाही. गंमत म्हणजे क्वेले मुखवटे आणि कुयू मुंडकी दोन्ही गोळा करून युरोपात पोचवणाऱ्यांत आरिस्टीड कुर्तुआ हा एक फ्रेंच अधिकारीही होता.

हजारो वर्षांचं तर बोलायलाच नको, त्या दमट जंगलात वाळवी लाकूड कितीसं टिकू देते? म्युझियममधले बहुतेक नग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे नाहीतर विसाव्याच्या सुरुवातीचे.